माणसं गेली, सातबारा राहिला

१९५४ पासून पुढची वीस वर्षं, दर वसंत ऋतूत उत्तर जपानातून टोकियोच्या उएनो स्टेशनाकडे खास गाड्या सुटत. डब्यांत बसलेली असत पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली. सक्तीचं नऊ वर्षांचं शिक्षण नुकतंच संपलेलं, बऱ्याच जणांच्या अंगावर अजून शाळेचाच गणवेश, आणि शहरातल्या कुठल्या कारखान्यात किंवा दुकानात रुजू व्हायचं ते आधीच ठरलेलं. उद्योगांना माणसं इतकी कमी पडत होती की या पोरांना ‘किन नो तामागो’, म्हणजे सोन्याची अंडी, असंच म्हणत. अंडी अर्थात शेतकऱ्यांच्या घरची होती. १९५० च्या जनगणनेत जपानमधले सुमारे ४८ टक्के कामकरी शेती, जंगल आणि मासेमारीत होते. १९७० साली हा आकडा १९ टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये साडेतीन टक्क्यांच्याही आत. राष्ट्रीय उत्पन्नातला या तिन्ही व्यवसायांचा मिळून वाटा आज एक टक्क्याच्या आसपास आहे. ज्या वाटेवर ब्रिटनने दीडएकशे वर्षं काढली ती जपानने एका पिढीत तुडवली, म्हणून विकसित देशातल्या प्राथमिक उद्योगांचं काय होतं हे पाहायला जपानसारखं दुसरं ठिकाण नाही. आजोबा, बाप आणि नातू या तीन माणसांतच सगळी कथा आटोपते.

अशा आकड्यांसमोर हळहळायची आपल्याला सवय असते. ती जरा बाजूला ठेवू. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं की मिळकत वाढत जाते तसा तिच्यातला खाण्यावरचा वाटा घटत जातो. दुप्पट पगार झाला म्हणून कोणी दुप्पट भात खात नाही. उलट कमीच खातो: जपानी माणूस १९६२ साली वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खायचा, आज तो ५० किलोंच्या आसपास आला आहे. दुसरीकडे यंत्रं, खतं आणि सुधारित वाणं आल्यावर तेवढंच धान्य पिकवायला पूर्वीच्या मानाने फार थोडे हात पुरतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसं शेतीतून निघणार, आधी कारखान्यांत आणि मग सेवाक्षेत्रात जाणार, हे कॉलिन क्लार्कने १९४० मध्ये देशोदेशींचे आकडे मांडून सांगितलं. तेव्हा रोजगारातला वाटा घटला, याला ऱ्हास म्हणायचं कारण नाही. नेदरलँड्समध्ये शेतीवर दोन-तीन टक्केच माणसं आहेत, आणि तो चिमुकला देश जगातल्या सर्वांत मोठ्या शेतमाल निर्यातदारांत मोडतो. तिथली शेती बुडाली असं कोणी म्हणणार नाही. जपानची तशी स्थिती नाही. तिथे शेतजमीनच घटली: १९६१ साली ६१ लाख हेक्टर होती, आता ४३ लाख उरली आहे. देशाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी १९६५ मध्ये ७३ टक्के देशात पिकत, आता ३८ टक्के पिकतात. शेती हाच मुख्य धंदा असलेल्या माणसांचं सरासरी वय २०२० मध्ये ६७.८ वर्षं होतं. माझं म्हणणं असं की या दुखण्याचं मूळ माणसं निघून गेली यात नाही. ती गेली ते ठीकच झालं. त्यांच्या मागोमाग जमीन हलायला हवी होती, उरलेल्या थोड्या हातांकडे गोळा व्हायला हवी होती. ती जागची हलली नाही. माणसं गेली आणि सातबारा तिथेच राहिला. (जपानमध्ये सातबारा नसतो, नोंदणी कचेरीतलं ‘तोकी’ असतं, पण शब्द आपल्या सोयीचा आहे.)

या मताला सर्वांत आधी आडवं येतं ते आयातीचं कारण. परदेशी माल स्वस्तात आत आला आणि घरचा उत्पादक मेला, असं साधं सरळ स्पष्टीकरण बहुतेक देशांत दिलं जातं, आणि ते ऐकायला पटतंही. जपानच्या बाबतीत मात्र ते तपासून पाहायची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. तांदूळ आणि लाकूड या दोन गोष्टी घ्या. दोन्ही एकाच डोंगरदऱ्यांतल्या, पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या: खाली खाचरं, वर देवदारासारखे सरळसोट सुगी वृक्ष. सरकारने तांदळाला काचेच्या कपाटात ठेवलं आणि लाकडाला भर बाजारात उभं केलं. कच्च्या लाकडाची आयात १९६४ पर्यंत पूर्ण खुली झाली. तांदळाची आयात मात्र १९९३ पर्यंत जवळजवळ बंद होती. त्या वर्षी थंड उन्हाळ्याने पीक गेलं, थायलंडहून तांदूळ आणावा लागला, आणि त्याच्या वासाबद्दल जपानी गृहिणींनी केलेल्या कुरकुरीची आठवण अजून निघते. पुढे जागतिक व्यापार कराराखाली ठरावीक कोटा आत येऊ लागला. पण त्यापलीकडच्या तांदळावर आजही किलोला ३४१ येन जकात आहे. म्हणजे एक संरक्षित आणि एक उघडा. आयात हेच खरं कारण असतं तर तांदूळ तगायला हवा होता आणि लाकूड कायमचं संपायला हवं होतं.

तांदळाचं काय झालं ते पाहू. १९४२ च्या युद्धकालीन कायद्याने सरकारच तांदळाचं एकमेव मोठं खरेदीदार होतं, आणि १९६० पासून खरेदीची किंमत ठरवण्याचं सूत्र मोठं दयाळू होतं: शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी शेतात घातलेल्या तासांना शहरातल्या कारखानी मजुरीचा दर लावायचा. हेतू असा की गाव शहराच्या मागे पडू नये. कारखान्यात मजुरी वाढली की भाताचा भाव वाढे, मग भात कोणी खावो न खावो. लोक पाव आणि नूडल्सकडे वळत असताना १९६७ मध्ये १४५ लाख टनांच्या जवळपास विक्रमी पीक आलं आणि १९७० पर्यंत सरकारी गोदामांत ७० लाख टनांहून जास्त जुना तांदूळ पडून राहिला. त्यावर उपाय काढला तो ‘गेन्तान’चा. शब्दाचा अर्थच क्षेत्र कमी करणं. शेतकऱ्याने भात लावू नये म्हणून त्याला पैसे द्यायचे. ही व्यवस्था २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक चालली. एका हाताने भाव चढा ठेवून पिकवायला लावायचं आणि दुसऱ्या हाताने न पिकवण्याचा मोबदला द्यायचा, हा प्रकार ज्या देशाने मोटारी बनवण्यातला एकेक सेकंद वाचवून दाखवला त्याच देशात चालला.

लाकडाची गोष्ट वेगळ्या रस्त्याने त्याच मुक्कामाला आली. युद्धाने डोंगर उघडेबोडके झाले होते, घरं बांधायला लाकूड हवं होतं, आणि स्वयंपाकघरात रॉकेल-गॅस आल्यावर सरपण आणि कोळशासाठी राखलेल्या मिश्र रानाला किंमत राहिली नाही. मग सरकारी अनुदानावर ते रान तोडून सुगी आणि हिनोकी यांची लागवड झाली. आज जपानमध्ये अशी लावलेली जंगलं सुमारे एक कोटी हेक्टर आहेत, देशातल्या एकूण जंगलाच्या चाळीस टक्के. सुगी तोडणीला यायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. पहिली काही वर्षं दर उन्हाळ्यात कंबरभर गवत कापावं लागतं, पुढे खालच्या फांद्या छाटाव्या लागतात, दाटी झाली की मधली झाडं काढून विरळणी करावी लागते. ही सगळी कामं उतारावर, हाताने. लावणाऱ्याच्या दृष्टीने ती नातवाच्या नावची ठेव होती. १९८० नंतर सुगीचा भाव घसरत गेला. येन महागला, घरं बांधायच्या पद्धती बदलल्या, आणि उभ्या झाडाची मालकाला मिळणारी किंमत पुढच्या तीस वर्षांत जवळपास आठव्या हिश्श्यावर आली. विरळणी करणं आतबट्ट्याचं झालं, तेव्हा कोणी केली नाही. अशा जंगलात गेलं तर भर दुपारी अंधार असतो. काठीसारखी बारीक, उंच झाडं एकमेकांना चिकटून उभी, आणि खाली पाला सोडून काही उगवत नाही, त्यामुळे पावसात माती धुऊन जाते. वसंतात हीच झाडं पिवळे परागकण सोडतात. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांना सुगीच्या परागांची ॲलर्जी निघाली. राष्ट्रीय ठेवीवर मिळालेलं हे व्याज.

लाकडाची स्वयंपूर्णता १९५० च्या दशकात नव्वद टक्क्यांच्या वर होती ती २००२ मध्ये १९ टक्क्यांच्या आसपास तळाला गेली. इथवर आयातवाद्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. पण त्यानंतर ती चढू लागली आणि २०२० मध्ये चाळीस टक्क्यांच्या पुढे गेली. यात देशाची एकूण लाकडाची गरज घटली याचाही हात आहे, हे मान्य करायला हवं. तरी दार तसंच उघडं होतं. झाडं वयात आली, प्लायवूडच्या गिरण्या देशी सुगी वापरायला शिकल्या, लाकूड जाळून वीज करणारे कारखाने निघाले. आणि याच काळात संरक्षित तांदळाचं क्षेत्र, पीक आणि पिकवणारे, तिन्ही घटत राहिले. संरक्षणाने वाचवलं नाही आणि खुल्या बाजाराने कायमचं मारलं नाही, तर मग दोन्हींना समान असलेलं काहीतरी शोधायला हवं. ते समान आहे तुकडा. शेतमालकाकडे सरासरी हेक्टरभर शेत, वनमालकांपैकी बहुतेकांकडे दहा हेक्टरांहून कमी जंगल, आणि मालक चारशे किलोमीटर दूर एखाद्या कारखान्याच्या वसाहतीत.

शेतीचे तुकडे कुठून आले? ते आले एका चांगल्या कामातून, आणि इथेच हा विषय अवघड होतो. १९४६ ते १९५० या काळात, अमेरिकन ताब्यात असताना, जपानने केलेली जमीन सुधारणा जगातल्या सर्वांत यशस्वी सुधारणांत गणली जाते. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदाराची कुळाकडची सगळी जमीन, आणि गावात राहणाऱ्याची साधारण एका हेक्टरपलीकडची, सरकारने सक्तीने विकत घेऊन कसणाऱ्याला दिली. कुळांकडची जमीन पूर्वी जवळजवळ निम्मी होती, ती एकदशांशावर आली. सुमारे १९ लाख हेक्टरांचे मालक बदलले आणि रक्त सांडलं नाही. कूळकायद्याचा आपल्याकडचा अनुभव ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको. १९५२ च्या शेतजमीन कायद्याने हे यश कुलूपबंद केलं: जमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, कंपन्यांना मज्जाव, आणि खंडाने दिली तर कुळाचा हक्क इतका भक्कम की मालकाला ती परत मिळण्याची आशा सोडावी लागे. जमीनदार पुन्हा उगवू नये म्हणून केलेल्या या तरतुदींचा परिणाम दहा वर्षांनी दिसला. तोवर मोठा मुलगा टोयोटा-निस्सानच्या नाहीतर पोलाद कारखान्याच्या मस्टरवर गेला होता. त्याने शेत शेजाऱ्याला खंडाने द्यावं, तर ते हातचं जाण्याची भीती. विकावं, तर उद्या तिथून रस्ता किंवा शिनकान्सेन जाईल ही आशा. १९७२ मध्ये काकुएई तानाकांनी जपानी द्वीपसमूहाच्या पुनर्रचनेची योजना पुस्तकरूपाने मांडली आणि ते पंतप्रधान झाले, तेव्हा ही आशा देशभर पसरली. भातखाचरावर कर नाममात्र होता, भाव सरकार देत होतं. थोडक्यात, जमीन धरून ठेवायला काही खर्च नव्हता, आणि सोडायला होता.

अशा परिस्थितीत कोणीही शहाणा माणूस जे करील ते जपानी शेतकऱ्याने केलं. तो नोकरीला गेला आणि शेत आई, बायको आणि म्हाताऱ्याकडे सोपवलं. आजोबांना ‘जीचान’, आजीला ‘बाचान’, आईला ‘काचान’ म्हणतात, म्हणून या शेतीला नावच पडलं ‘सान-चान’, तीन चानांची शेती. छोटे ट्रॅक्टर आणि रोपं लावायची यंत्रं आल्यावर तर भात हे शनिवार-रविवारचं पीक झालं. दूध देणारी गाय सुट्टी देत नाही आणि भाजी रोज माणूस मागते. भाताचं तसं नाही. त्यामुळे जे पीक देशाला कमी-कमी लागत होतं त्यालाच सगळे चिकटून राहिले. १९७० च्या सुमारास निम्म्या शेतकरी कुटुंबांची मुख्य मिळकत शेताबाहेरची होती. त्यांना गरीब म्हणता येणार नाही. पगार, भाताचे पैसे आणि कधीमधी विकलेल्या तुकड्याची रक्कम, असं त्यांचं बरं चाललं होतं. कृषी सहकारी संस्थांची बँक याच ठेवींवर मोठी झाली. थोडे मोठे शेतकरी असण्यापेक्षा खूप छोटे सभासद असणं तिच्या सोयीचं होतं. राजकारणातही हेच गणित. माणसं शहरात गेली तरी मतदारसंघांची आखणी जुनीच राहिल्याने १९७२ च्या निवडणुकीत काही ग्रामीण मतांचं वजन शहरी मताच्या जवळपास पाचपट होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. १९६१ च्या कृषी मूलभूत कायद्यात तर शेतं मोठी करून शेतकऱ्याची मिळकत शहराच्या बरोबरीला आणायची, असं स्वच्छ लिहिलं होतं. मिळकत बरोबरीला आली. शेतं मात्र तेवढीच राहिली, कारण मिळकत दुसरीकडून आली.

मोठी शेतं जपानला माहीतच नव्हती असं नाही. आकिता प्रांतात हाचिरोगाता नावाचं सरोवर होतं, आकाराने देशात दुसऱ्या क्रमांकाचं. डच तज्ज्ञांचा सल्ला घेऊन त्याचा मोठा भाग बांध घालून उपसला, आणि १९६४ साली त्या तळावर ओगाता हे नवं गाव वसवलं. देशभरातून निवडून आणलेल्या कुटुंबांना आधी दहा आणि मग पंधरा हेक्टर जमीन दिली. इतर गावांच्या मानाने दहा-पंधरा पट. आखीव चौकोनी शेतं, मोठी यंत्रं, उद्याचा जपानी शेतकरी कसा असेल याचा हा नमुना. पहिले लोक राहायला आले १९६७ मध्ये, आणि तीन वर्षांत गेन्तान आलं. ज्यांनी गावाकडचं सगळं विकून केवळ भात पिकवायला इथे जमीन घेतली होती त्यांनाच भात कमी लावायचा हुकूम झाला. कित्येकांनी जुमानलं नाही. तेव्हा १९७० च्या दशकात जादा लावलेलं भात दाणा भरण्याआधी, हिरवं असतानाच कापून टाकायला लावलं गेलं. पुढे वर्षानुवर्षं गावात दोन तट होते, हुकूम पाळणारे आणि ‘यामी-गोमे’, म्हणजे चोरबाजारचा तांदूळ, विकणारे. बुडत्या शेतीचं कारण कार्यक्षम शेतकऱ्याचा अभाव हे असेल, तर ओगाताचं काय करायचं? तिथे तो हाताशी होता. कपात सर्वांना सारखी लावायची म्हटल्यावर रविवारच्या शेतकऱ्याला सांभाळण्याची किंमत पूर्णवेळ शेतकऱ्याने भरली.

याउलट कोळसा. जपानमधलं कोळशाचं उत्पादन १९६१ च्या सुमारास साडेपाच कोटी टनांच्या शिखरावर होतं आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या धंद्यात तीन लाखांच्या आसपास माणसं होती. मध्यपूर्वेचं तेल स्वस्त पडू लागलं आणि १९६२ मध्ये त्याची आयात खुली झाली. पण खाण कोणाला रविवारी चालवता येत नाही. ती मित्सुई, मित्सुबिशीसारख्या कंपन्यांची. चालते किंवा बंद होते. क्यूशूमधल्या मिइके खाणीत १९६० साली कपातीविरुद्ध अनेक महिने संप चालला, युद्धोत्तर जपानमधला सर्वांत कडवा, आणि कामगार हरले. तीन वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६३ ला, त्याच खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन ४५८ जण गेले. सरकारचा पैसा इथेही ओतला गेला, पण त्यातला पुष्कळसा खाणी विकत घेऊन बंद करायला आणि माणसं हलवायला. काम सुटलेल्या खाणकामगाराला काळ्या कव्हरचं एक पुस्तक मिळे, ‘कुरोतेचो’. ते दाखवलं की नव्या कामाचं शिक्षण, भत्ता आणि दुसऱ्या गावी घर. फुकुशिमा प्रांतातल्या जोबान खाणीत कोळशाबरोबर कढत पाण्याचे लोट उपसावे लागत. कंपनीने १९६६ मध्ये तेच पाणी वापरून कडाक्याच्या थंडीतलं ‘हवाई’ उभं केलं आणि खाणकामगारांच्या मुलींना हुला नाच शिकवून तिथे उभं केलं. ते अजून चालू आहे. मिइके १९९७ मध्ये बंद झाली, होक्काइदोतल्या कुशिरोची मोठी खाण जानेवारी २००२ मध्ये. जपान आजही वर्षाला सोळा-सतरा कोटी टन कोळसा वापरतो, स्वतःच्या शिखर उत्पादनाच्या तिप्पट. जवळजवळ सगळा बाहेरचा.

कोळशाचा मार्ग बरा होता असं मी म्हणतो आहे का? यूबारी डोळ्यांसमोर असताना तसं म्हणायची हिंमत होत नाही. होक्काइदोमधल्या या खाणींच्या शहरात १९६० साली एक लाख सतरा हजार लोक राहत. आज सात हजारही नाहीत. शेवटची खाण १९९० मध्ये मिटली. नगरपालिकेने कर्ज काढून कोळशाचं संग्रहालय, करमणुकीची उद्यानं असं काय काय बांधलं आणि २००७ मध्ये ती दिवाळखोर ठरली. शाळा एकात एक मिळवत शेवटी एकच प्राथमिक शाळा उरली. उरलं एक खरबूज, ‘यूबारी किंग’, ज्याची हंगामातली पहिली जोडी २०१९ च्या लिलावात ५० लाख येनांना गेली. गावाच्या दृष्टीने कोळशाचा शेवट भाताहून क्रूर होता. पण माणसाच्या दृष्टीने हिशेब थोडा निराळा निघतो. खाणकामगाराचा मुलगा चाळिशीत दुसऱ्या शहरात दुसरं काहीतरी करत होता, आणि बापाच्या खाणीचा कागद त्याच्या गळ्यात नव्हता.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तांदूळ ही मोटार नव्हे. पोटाचा प्रश्न बाजारावर सोडता येत नाही, आणि युद्धात-दुष्काळात उपाशी राहिलेल्या पिढीने भात कोणत्याही किमतीला देशात पिकवला तर तिला दोष कसा द्यायचा? दोष देतच नाही. पण अन्नसुरक्षा म्हणजे गरज पडेल तेव्हा जास्त पिकवता येईल अशी जमीन आणि असे हात. गेन्तानने नेमकी हीच सवय मोडली. २०२३ च्या उन्हाळ्याने दाण्याची प्रत बिघडवली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या भूकंपाच्या इशाऱ्याने लोकांनी पोती भरून ठेवली, आणि तेवढ्यानेच दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. पाच किलोंची पिशवी वर्षभरापूर्वी दोन हजार येनांच्या आसपास होती ती मे २०२५ मध्ये चार हजार दोनशेच्या वर गेली. त्याच महिन्यात कृषिमंत्री ताकू एतो, आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थक आणून देतात, असं बोलून बसले आणि त्यांना जावं लागलं. नव्या मंत्र्यांनी सरकारी कोठारातला जुना तांदूळ दोन हजार येनांत बाजारात आणला. उत्पादन मागणीच्या काठोकाठ बेतलं असलं की थोडा धक्काही पुरतो. शिवाय जपानी भाताला लागणारं पोटॅश, फॉस्फेट आणि डिझेल परदेशातूनच येतं, तेव्हा बंदरं बंद पडली तर जकात काही उपयोगाची नाही.

दुसरा आक्षेप भूगोलाचा, आणि तो मला जास्त मान्य आहे. जपानची साधारण चाळीस टक्के शेतजमीन डोंगराळ भागात आहे. पायऱ्यापायऱ्यांची खाचरं एकत्र करून ओगाता होत नाही. ती खाचरं पावसाचं पाणी धरून ठेवतात, दरडी थोपवतात. म्हणून २००० पासून सरकार त्यांना थेट मदत देतं, आणि ती द्यायलाच हवी, मात्र डोंगर राखण्याची मजुरी म्हणून. भाताच्या भावात ती लपवली की तिचा मोठा वाटा सपाटीवरच्या नोकरदाराला जातो. तोकुशिमातलं कामिकात्सु हे डोंगरगाव या संदर्भात नेहमी पुढे केलं जातं. १९८१ च्या थंडीत तिथल्या संत्र्याच्या बागा करपल्या. १९८६ पासून तिथल्या आज्या हॉटेलांतल्या थाळ्या सजवायला मेपलची, पर्सिमॉनची, नंदिनाची पानं विकू लागल्या. सकाळी संगणकावर, आता टॅब्लेटवर, मागणी बघायची, परसातून पानं खुडायची, डाग पाहून आकाराने लावायची आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये भरून धाडायची. वर्षाला वीसेक कोटी येनांची उलाढाल यावर होते. छानच आहे. पण गावाची लोकसंख्या दीड हजारही नाही, आणि देशातल्या जेवणाच्या ताटल्यांना पानं लागून लागून किती लागणार?

समुद्राबद्दल फार लांबवायला नको, कारण तिथलं दुखणं अंशतः निराळं आहे. १९८४ मध्ये जपानने १ कोटी २८ लाख टन मासे आणि इतर जलउत्पादन काढलं, जगात कोणाहीपेक्षा जास्त. २०२३ मध्ये ते ३८ लाख टन होतं. दोनशे सागरी मैलांची हद्द, दुसऱ्या देशांच्या किनाऱ्यांवरून हटावं लागणं, सार्डिनचे थवे आपोआप नाहीसे होणं आणि स्वतःची अतिमासेमारी, अशी तिथे चार कारणं एकत्र आहेत. समुद्राला सातबारा नाही, म्हणून माझं स्पष्टीकरण तिथे पुरं पडत नाही, हे कबूल.

जमिनीवर मात्र ते दिवसेंदिवस जास्तच लागू होतं आहे. २००९ मध्ये कायदा सैल झाला आणि कंपन्यांना खंडाने शेती करता येऊ लागली. २०१४ मध्ये जमिनी एकत्र करून देणाऱ्या प्रांतिक संस्था निघाल्या. शेतं मोठी होऊ लागलीही आहेत, एकेका कसणाऱ्याकडच्या जमिनीची सरासरी तीन हेक्टरांच्या पुढे गेली. पण आता अडचण अशी की जमीन द्यायला मालकच सापडत नाही. बाप गेला, नाव लावलं नाही. मुलं गेली, तेही नाही. तीन पिढ्यांनी एका खाचराचे पंचवीस-तीस वारस, त्यातले काही ब्राझीलला. २०१६ च्या स्थितीवरून एका अभ्यासगटाने काढलेला अंदाज असा की मालकाचा पत्ता नसलेली जमीन देशात ४१ लाख हेक्टर आहे, म्हणजे क्यूशू बेटाहून जास्त. पडीक खाचरांत आधी गवत येतं, मग बांबू, मग रानडुक्कर, आणि अलीकडे अस्वलं. २०२३ च्या आर्थिक वर्षात दोनशेहून जास्त माणसं अस्वलांच्या तावडीत सापडली. १ एप्रिल २०२४ पासून वारसाची नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं झालं आहे, न केल्यास एक लाख येनांपर्यंत दंड. त्याच्या वर्षभर आधी आणखी एक कायदा अमलात आला: वारसाने मिळालेली नकोशी जमीन सरकारला देऊन टाकता येते. अर्जाला तुकड्यामागे १४ हजार येन. हद्दी स्पष्ट हव्यात, वर घर किंवा वाद नको. अर्ज मंजूर झाला की जमिनीच्या देखभालीपोटी साधारण दोन लाख येन आणखी भरायचे. १९४७ च्या सुमारास हीच जमीन सरकारने जमीनदाराकडून घेऊन आजोबाला दिली, तेव्हा महागाईने तिची ठरलेली किंमत इतकी झिजली होती की ती त्याला जवळजवळ फुकटातच पडली. नातू ती परत घ्यावी म्हणून सरकारला पैसे भरतो आहे, आणि अर्ज मंजूर होईल की नाही याची वाट पाहतो आहे.